व्हिक्टर ह्यूगो : एका कादंबरीची सतरा वर्षे

जगाच्या वाङ्मयात काही ग्रंथ असे आहेत की, त्यांचे नाव प्रत्येक सुशिक्षित माणसाला ठाऊक असते, त्यांचे कथानकही तो थोडक्यात सांगू शकतो. परंतु ते ग्रंथ पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेला माणूस मात्र क्वचितच भेटतो. व्हिक्टर ह्यूगो या फ्रेंच महाकवीची ‘ले मिझेराब्ल’ ही कादंबरी अशा ग्रंथांत अग्रभागी आहे. भाकरीच्या चोरीपायी तुरुंगात गेलेला ज्यां वालज्यां, त्याला आसरा देणारा बिशप आणि ती चांदीची दीपदाने, ही हकीकत आपल्याकडे इंग्रजी क्रमिक पुस्तकांतील एका नाटिकेमुळे अनेक पिढ्यांच्या परिचयाची झाली. साने गुरुजींनी ‘दुःखी’ या नावाने ही कथा मराठी घरांत नेली. १९५५ साली सोहराब मोदींनी ‘कुंदन’ या चित्रपटातून ती पडद्यावर आणली. कथा अशी सर्वतोमुखी झाली आणि त्यामुळेच की काय, मूळ ग्रंथ वाचण्याचे काम पुढे पुढे ढकलले गेले.

हे ढकलणे अगदीच अकारण आहे असे नाही. ग्रंथाचे पाच भाग, त्यांत अठ्ठेचाळीस खंड आणि एकूण ३६५ प्रकरणे. नायकाचे आगमन होण्यापूर्वी बिशपच्या वर्णनातच चौदा प्रकरणे खर्ची पडतात. दुसऱ्या भागाच्या प्रारंभी एकोणीस प्रकरणे वॉटर्लूच्या लढाईला वाहिलेली आहेत. पुढे एका मठाचा इतिहास, चोरांच्या बोलीचे विवेचन आणि पॅरिसच्या गटारांची साद्यंत माहिती येते. घाईचा वाचक येथे थबकतो, पाने उलटतो किंवा पुस्तक परत करून संक्षिप्त आवृत्ती मागतो. मात्र ह्यूगोचे चरित्र ज्याने एकदा नीट पाहिले आहे, त्याला या रेंगाळणाऱ्या प्रकरणांचे रहस्य उलगडते. ज्या जागा गाळाव्याशा वाटतात, नेमक्या त्याच जागी या माणसाने आपले आयुष्य साठवून ठेवलेले आहे.

दोन निष्ठांचे घर

व्हिक्टर ह्यूगोचा जन्म २६ फेब्रुवारी १८०२ रोजी पूर्व फ्रान्समधील बझांसों या गावी झाला. तीन भावांत तो धाकटा. वडील लेओपोल्द ह्यूगो हे नेपोलियनच्या सैन्यातील अधिकारी. पुढे ते सेनापतिपदाला पोहोचले. आई सोफी त्रेब्युशे हिचा ओढा राजसत्तेकडे. पतिपत्नींचे पटले नाही. वडिलांच्या बदल्यांमागोमाग मुलांची कॉर्सिका, एल्बा, इटली, स्पेन अशी फरफट झाली. मधल्या काळात ती पॅरिसला आईजवळ राहत.

पॅरिसमधील त्यांचे एक घर पूर्वी मठाचा भाग होते. त्यामागे मोठी, रान माजलेली बाग होती आणि बागेच्या टोकाला एक पडके प्रार्थनामंदिर. तेथे जनरल लाओरी हा नेपोलियनविरोधी कटातील फरारी लपून राहिला होता. हा व्हिक्टरचा धर्मपिता. त्याने या मुलाला लॅटिन शिकवले, गोष्टी सांगितल्या. १८१० साली पोलिसांनी त्याला त्या घरातून पकडून नेले आणि १८१२ साली दुसऱ्या एका कटाच्या संदर्भात गोळ्या घालून ठार केले. मुलाने बागेत ज्याचा हात धरून खेळावे तो माणूस कायद्याच्या दृष्टीने गुन्हेगार असू शकतो, हे ह्यूगोला दहाव्या वर्षी कळले. पोलिसांचा ससेमिरा चुकवीत भिंत ओलांडून मठाच्या बागेत उतरणारा आणि तेथे माळी म्हणून वर्षे काढणारा ज्यां वालज्यां कोठून आला, हे यावरून ध्यानात यावे.

आईने मुलांना राजनिष्ठा शिकवली. वडील साम्राज्याचे सैनिक. आईच्या मृत्यूनंतर, म्हणजे १८२१ नंतर, व्हिक्टर वडिलांच्या जवळ आला आणि ज्या माणसाविषयी लहानपणी केवळ तक्रारी ऐकल्या होत्या त्याचा पराक्रम त्याला समजू लागला. कादंबरीतील मारियुस हा तरुण अशाच रीतीने राजनिष्ठ आजोबांच्या घरी वाढतो आणि नेपोलियनच्या सैन्यातील आपल्या पित्याची थोरवी त्याला पिता गेल्यावर कळते. ह्यूगोला पिता काही वर्षे तरी लाभला. मारियुसला तेवढेही मिळत नाही.

यशाच्या पायऱ्या

ह्यूगोच्या वाङ्मयीन यशाची कथा पुष्कळांना ठाऊक आहे. ती थोडक्यात सांगितली तरी पुरे. सतराव्या वर्षी त्याने भावांसह एक वाङ्मयीन नियतकालिक सुरू केले. १८२२ साली पहिला काव्यसंग्रह निघाला आणि अठराव्या लुई राजाने त्याला वर्षासन दिले. त्याच वर्षी बालमैत्रीण आदेल फूशे हिच्याशी त्याचा विवाह झाला. या मंगल प्रसंगालाही गालबोट लागले. आदेलवर त्याचा भाऊ युजीन याचेही मन होते. विवाहाच्या सुमारास युजीनचे मानसिक संतुलन ढळले ते कायमचे. १८३७ साली तो वेड्यांच्या रुग्णालयातच वारला.

१८२७ साली ‘क्रॉमवेल’ या नाटकाच्या प्रस्तावनेने ह्यूगो तरुण लेखकांचा पुढारी झाला. २५ फेब्रुवारी १८३० रोजी ‘एर्नानी’ या नाटकाचा पहिला प्रयोग झाला आणि जुन्या व नव्या पक्षांच्या प्रेक्षकांनी नाट्यगृहाचे रणांगण केले. १८३१ साली ‘नोत्र दाम द पारी’ ही कादंबरी आली. त्या कादंबरीमुळे पॅरिसकरांचे लक्ष आपल्या पडीक झालेल्या महामंदिराकडे वळले आणि पुढे त्याचा जीर्णोद्धार झाला. १८४१ साली फ्रेंच अकादमीने त्याला सदस्यत्व दिले. एप्रिल १८४५ मध्ये राजा लुई फिलिप याने त्याला वरिष्ठ सभागृहाचे सरदारपद बहाल केले. त्रेचाळीस वर्षांचा ह्यूगो कीर्ती, संपत्ती आणि राजमान्यता यांच्या शिखरावर होता.

या चढत्या आलेखाबरोबरच त्याच्या मनात एक दुसरी वही लिहिली जात होती. पॅरिसजवळच्या बिसेत्रच्या तुरुंगात कैद्यांना साखळदंडात ठोकताना त्याने पाहिले होते. १८३९ साली तूलाँच्या बंदरातील सक्तमजुरीचा तुरुंग त्याने जातीने पाहिला. १८२९ साली देहान्ताची शिक्षा झालेल्या माणसाच्या अखेरच्या दिवसावर त्याने एक लहान पुस्तक लिहिले आणि १८३४ साली भुकेपायी गुन्हेगार झालेल्या क्लोद ग्यू या कामगाराची कथा. १८४१ च्या जानेवारीतील एका रात्री रस्त्यावर उभ्या असलेल्या एका गरीब स्त्रीच्या पाठीत एका चैनी तरुणाने बर्फाचा गोळा कोंबला. ती चवताळून त्याच्यावर धावली आणि पोलिसांनी तिलाच पकडले. ह्यूगो चौकीवर गेला, साक्ष दिली आणि तिला सोडवून आणले. कादंबरीतील फांतीनचा प्रसंग येथूनच उगवला. १८४६ साली भाकरी चोरली म्हणून शिपाई एका फाटक्या माणसाला धरून नेत असताना तो माणूस शेजारच्या बग्गीतील श्रीमंत स्त्रीकडे टक लावून पाहत होता, आणि तिला मात्र तो दिसतही नव्हता. हे दृश्यही त्याने नोंदवून ठेवले.

शोक आणि लांच्छन

४ सप्टेंबर १८४३ हा दिवस ह्यूगोच्या आयुष्याची दोन शकले करणारा ठरला. त्याची ज्येष्ठ कन्या लेओपोल्दीन हिचा विवाह होऊन जेमतेम सात महिने झाले होते. व्हिल्किए या गावाजवळ सेन नदीत नाव उलटली आणि ती बुडाली. तिला वाचविण्यासाठी पुन्हा पुन्हा बुडी घेणारा तिचा पतीही तिच्याबरोबर गेला. ह्यूगो त्या वेळी स्पेनच्या प्रवासातून परतत होता. रोशफोर येथे एका कॉफीगृहात सहज उचललेल्या वर्तमानपत्रात त्याला ही वार्ता वाचायला मिळाली. तोवर पाच दिवस उलटून गेले होते. त्यानंतर कित्येक वर्षे त्याने एकही महत्त्वाचा ग्रंथ प्रसिद्ध केला नाही. म्हाताऱ्या वालज्यांचे कोझेतवर जे प्रेम आहे आणि तिचे लग्न होताच त्याच्या वाट्याला जे रितेपण येते, ते ज्याने मुलगी गमावली आहे अशा माणसाच्या लेखणीतून उतरले आहे.

दोनच वर्षांनी दुसरा आघात झाला. तो मात्र त्याने स्वतःच ओढवून घेतलेला होता. जुलै १८४५ मध्ये लेओनी बिआर या विवाहितेबरोबर तो पोलिसांना सापडला. कायद्यानुसार दोघेही गुन्हेगार. परंतु ह्यूगो सरदार असल्यामुळे त्याला पदाचे संरक्षण मिळाले आणि तो घरी गेला. लेओनीची रवानगी मात्र तुरुंगात आणि नंतर एका मठात झाली. एकाच अपराधासाठी पुरुषाला सूट आणि स्त्रीला कोठडी, हा न्याय त्याने या वेळी लाभार्थी म्हणून अनुभवला. चारच महिन्यांनी, नोव्हेंबर १८४५ मध्ये, त्याने एका नव्या कादंबरीचे पहिले पान लिहिले. प्रारंभी नायकाच्या तत्कालीन नावावरून तिचे नाव ‘ज्यां त्रेज्यां’ होते, पुढे ‘ले मिझेर’ म्हणजे दैन्ये असे झाले. पुरुषाने टाकलेल्या आणि समाजाने शिक्षा केलेल्या फांतीनची कहाणी त्या कादंबरीच्या पायाशी आहे, ही गोष्ट केवळ योगायोगाची मानता येत नाही. ह्यूगोच्या चरित्रकाराला त्याचा दोष झाकण्याचे कारण नाही. त्या दोषाची सल ग्रंथाला उपकारकच ठरली असावी.

बॅरिकेडच्या दोन्ही बाजूंना

दोन वर्षे लेखन चालले. फेब्रुवारी १८४८ मध्ये क्रांती झाली, राजा पळाला आणि हस्तलिखित बाजूला पडले. ह्यूगो लोकसभेवर निवडून आला. जूनमध्ये पॅरिसच्या उपाशी कामगारांनी उठाव केला. सरकारने चालविलेल्या कार्यशाळा बंद होण्याचा तो परिणाम होता. सभागृहाने आपले साठ प्रतिनिधी बॅरिकेडांकडे पाठविले. त्यांत ह्यूगो होता. फरसबंदीचे दगड, गाड्या आणि पिंपे रचून उभारलेल्या त्या अडथळ्यांवर सैन्य तुटून पडले तेव्हा तो सैन्याच्या बाजूने उभा होता. त्याच सुमारास बंडखोर त्याच्या राहत्या घरात शिरले. परंतु त्यांनी तेथील कशालाही धक्का लावला नाही. ज्यांची दैन्ये तो लिहीत होता ते लोक आणि तो स्वतः त्या दिवशी समोरासमोर होते.

या जूनची आठवण कादंबरीत सरळ कथानकातून येत नाही. कथेतील बॅरिकेड १८३२ सालचे आहे. जनरल लामार्क याच्या अंत्ययात्रेनंतर ५ जून १८३२ रोजी उसळलेला तो लहानसा उठाव. त्या संध्याकाळी ह्यूगो स्वतः एका बोळात दोन बाजूंच्या गोळीबारात अडकला होता. परंतु पाचव्या भागाच्या तोंडाशीच तो कथा थांबवतो आणि एक संपूर्ण प्रकरण १८४८ च्या दोन बॅरिकेडांना देतो. संक्षेपकार हे प्रकरण हमखास गाळतात. वस्तुतः सारी कादंबरी या प्रकरणावर तोललेली आहे. तो उठाव मोडणे हे प्रजासत्ताकाचे कर्तव्य होते असे तेथे तो मानतो. पण ज्यांच्यावर ते कर्तव्य बजावावे लागले त्यांच्या दुःखापुढे तो नतमस्तकही होतो. आपण जे केले त्याचा हिशेब त्याने येथे वाचकांपुढे मांडला आहे. पुढील पानांतील विद्यार्थ्यांचा आणि गाव्रोश या अनाथ पोराचा मृत्यू या हिशेबानंतर वाचला म्हणजे निराळाच वाटतो.

१८४८ नंतर ह्यूगो झपाट्याने बदलला. प्रारंभी त्याने लुई नेपोलियनला पाठिंबा दिला होता. जुलै १८४९ मध्ये विधिमंडळात दारिद्र्याच्या प्रश्नावर त्याने केलेल्या भाषणाने त्याचे जुने सहकारी दुरावले. १८५१ मध्ये त्याच्या दोन्ही मुलांना वृत्तपत्रीय लेखनापायी तुरुंगवास झाला. २ डिसेंबर १८५१ रोजी लुई नेपोलियनने घटना मोडून सत्ता बळकावली. ह्यूगोने प्रतिकाराचा प्रयत्न केला, तो फसला. ११ डिसेंबर रोजी लाँव्हँ या कामगाराच्या नावाचे पारपत्र घेऊन, कामगाराच्या वेषात, तो ब्रुसेल्सला निसटला. दैन्याची कथा अर्धवट टाकणारा सरदार आता स्वतः खोटे नाव धारण केलेला फरारी झाला होता.

बेटावरील पेटी

या संकटात त्याला वाचविले ते ज्युलिएत द्रुए हिने. १८३३ साली त्याच्या एका नाटकात काम करताना तिची आणि त्याची ओळख झाली आणि ती अभिनेत्री उर्वरित पन्नास वर्षे त्याच्या सावलीत जगली. त्याच्या लपण्याची व्यवस्था तिने केली आणि ती त्याच्यामागोमाग ब्रुसेल्सला गेली. ह्यूगोने तिचे ऋण आपल्या पद्धतीने फेडले. कादंबरीत मारियुस आणि कोझेत यांच्या विवाहाची तारीख १६ फेब्रुवारी १८३३ अशी आहे. वाचकाला ती एक सामान्य तारीख वाटते. ती ह्यूगो आणि ज्युलिएत यांच्या प्रीतीच्या प्रारंभाची तारीख आहे. मठाच्या वर्णनासाठीही मठातील शाळेत वाढलेल्या ज्युलिएतच्या आठवणी त्याने उपयोगात आणल्या.

ब्रुसेल्सहून १८५२ मध्ये तो इंग्लिश खाडीतील जर्सी बेटावर आणि तेथूनही घालवून दिल्यावर १८५५ मध्ये गर्न्झी बेटावर गेला. ‘ले काँतांप्लासियाँ’ या काव्यसंग्रहाच्या प्राप्तीतून त्याने १८५६ मध्ये तेथे ओतव्हिल हाउस हे घर विकत घेतले. १८५९ मध्ये सम्राटाने हद्दपारांना माफी जाहीर केली. ह्यूगोने ती नाकारली. फ्रान्समध्ये स्वातंत्र्य परतेल तेव्हाच आपण परतू, ही त्याची भूमिका होती.

एप्रिल १८६० मध्ये त्याने हस्तलिखितांच्या पेटीतून बारा वर्षे बंद असलेली ती कादंबरी बाहेर काढली. लगेच लेखणी उचलली नाही. सात महिने तो केवळ आपलाच मजकूर वाचत आणि त्यावर चिंतन करीत राहिला. ३० डिसेंबर १८६० रोजी त्याने पुढे लिहावयास प्रारंभ केला. १८६१ च्या वसंतात तो बेल्जियममध्ये वॉटर्लूला गेला, माँ-सें-ज्यां येथील उपाहारगृहात मुक्काम ठेवला आणि रणभूमी पायांखाली घातली. ३० जून १८६१ रोजी त्याच मुक्कामी कथा पूर्ण झाली. वॉटर्लूची एकोणीस प्रकरणे ही त्या पाहणीची निष्पत्ती. ती कथेशी असंबद्ध आहेत अशी तक्रार नेहमी होते. परंतु त्यांच्या शेवटी रात्रीच्या अंधारात प्रेतांच्या अंगावरील दागिने ओरबाडणारा तेनार्दिए एका घायाळ अधिकाऱ्याला ढिगाऱ्यातून ओढून काढतो. तो अधिकारी मारियुसचा पिता असतो. हे पान वगळले की, मारियुस पुढे त्या नराधमाचे उपकार का मानतो, याचा उलगडा होत नाही.

अर्धी कादंबरी सरदाराने लिहिली होती; ती पूर्ण केली हद्दपाराने. जुन्या पानांत त्याने असंख्य भर घातल्या. बिशप मिरिएल हा दीन्य येथील बिशप मिओलिस याच्यावरून सुचलेला. पण हा वृद्ध धर्मगुरू मरणासन्न क्रांतिकारकाच्या भेटीला जातो, त्याला उपदेश करू पाहतो आणि अखेरीस त्याच्यापुढेच गुडघे टेकून आशीर्वाद मागतो, त्या प्रकरणात राजनिष्ठ कवी म्हणून निघालेल्या ह्यूगोचा सारा प्रवास सामावला आहे. वालज्यां जखमी मारियुसला पाठीवर घेऊन गटारांतून वाट काढतो, त्यापूर्वी येणारे गटारांचे वर्णनही असेच अर्थपूर्ण आहे. शहर आपला मैला समुद्राला देऊन टाकते आणि जमिनीला उपाशी ठेवते, हे ह्यूगोचे म्हणणे ज्यांना सोनखताची किंमत कळते त्या आपल्या शेतकऱ्यांना चटकन पटावे. समाज ज्या माणसांना मैला समजून दूर लोटतो त्यांच्याविषयीही त्याला तेच म्हणावयाचे आहे.

प्रकाशन

ब्रुसेल्सच्या आल्बेर लाक्रवा या तरुण प्रकाशकाने ग्रंथासाठी तीन लाख फ्रँक देऊ केले. त्यासाठी त्याला कर्ज काढावे लागले. ज्युलिएत आणि ह्यूगोची मेहुणी ज्युली शने यांनी मुद्रणप्रत उतरवून काढली. मुद्रिते बोटीने बेटावर येत आणि तपासून परत जात. चिंतनाची लांबण कमी करावी असे प्रकाशकाने सुचवून पाहिले. ह्यूगोने साफ नकार दिला. वेगवान आणि उथळ कथा वर्षभर चालेल, खोल कथा पुष्कळ वर्षे टिकेल, अशा आशयाचे उत्तर त्याने धाडले.

पहिला भाग ३० मार्च १८६२ रोजी ब्रुसेल्समध्ये आणि ३ एप्रिलला पॅरिसमध्ये निघाला. दुसरा व तिसरा १५ मे रोजी. उरलेले दोन ३० जून रोजी. एकूण दहा खंड. पुढील भाग येणार त्या सकाळी पॅरिसच्या पुस्तकाच्या दुकानापुढे इतकी झुंबड उडाली की, रस्ता अडला. कारखान्यांतील कामगारांनी वर्गणी काढून प्रती घेतल्या, अशी हकीकत सांगितली जाते. विद्वानांचा सूर मात्र वेगळा होता. लामार्तीनने ग्रंथ धोकादायक ठरविला, फ्लोबेरला तो रुचला नाही आणि बोदलेरने जाहीर स्तुती करून खासगी पत्रात निंदा केली. १८६४ मध्ये रोमच्या धर्मपीठाने तो निषिद्ध ग्रंथांच्या यादीत घातला. वाचकांनी यांपैकी कोणाचेच ऐकले नाही.

या प्रकाशनाच्या रीतीतच दीर्घ ग्रंथ कसा वाचावा याची एक सूचना आहे. पहिल्या वाचकांना तो एका बैठकीत मिळालेला नव्हता. तीन महिने तो त्यांच्या घरी येत राहिला. मध्ये थांबायला, बोलायला, वाट पाहायला सवड होती. प्रकरणे बहुतेक लहान आहेत आणि त्यांची संख्या वर्षाच्या दिवसांइतकी आहे. रोज एक प्रकरण वाचणारा वाचकही ग्रंथ तडीस नेऊ शकतो. बिशपच्या चौदा प्रकरणांना दोन आठवडे दिले म्हणजे दीपदानांचा प्रसंग येतो तेव्हा तो माणूस ओळखीचा झालेला असतो. त्याने दीपदाने देणे हे नाट्य वाटत नाही, त्याच्या स्वभावातून आपोआप झालेली कृती वाटते. नाटिकेतून आणि चित्रपटातून कथा ठाऊक असलेल्या वाचकाला हा अनुभव सर्वस्वी नवा असतो. गावात मुक्काम वाढवल्यावर गल्ल्या ओळखीच्या व्हाव्यात, तसे काही शंभर पानांनंतर या ग्रंथाचे होते. आणि जे कंटाळवाणे म्हणून टाळले होते त्याचीच गोडी लागते.

परत आणि अखेर

ग्रंथाच्या यशाच्याच काळात ह्यूगोने ओतव्हिल हाउसमध्ये बेटावरील गरीब मुलांना दर आठवड्याला जेवू घालण्याचा परिपाठ सुरू केला. लेखनात जे मांडले त्याची ही छोटी परतफेड. त्याच्या स्वतःच्या घरातील दुःखे मात्र सरत नव्हती. १८६३ मध्ये धाकटी मुलगी आदेल एका इंग्रज अधिकाऱ्याच्या नादाने अमेरिकेकडे निघून गेली; तिला १८७२ मध्ये भ्रमिष्ट अवस्थेत परत आणावे लागले. १८६८ मध्ये पत्नी गेली, १८७१ मध्ये थोरला मुलगा शार्ल आणि १८७३ मध्ये शेक्सपिअरचा अनुवादक असलेला धाकटा मुलगा फ्रान्स्वा-व्हिक्टर.

सेदाँच्या लढाईत साम्राज्य कोसळले आणि ५ सप्टेंबर १८७० रोजी, सुमारे एकोणीस वर्षांनी, ह्यूगो पॅरिसला परतला. वेढ्यात अडकलेल्या शहराबरोबर त्याने उपासमार सोसली. १८७१ मध्ये पॅरिस कम्यूनचा पाडाव झाला आणि पुन्हा एकदा बॅरिकेडांवर माणसे मारली गेली. या वेळी ह्यूगोने जून १८४८ ची पुनरावृत्ती केली नाही. कम्यूनच्या हिंसेचे समर्थन त्याने केले नाही. पण पराभूतांना आपल्या ब्रुसेल्समधील घरी आसरा देण्याचे जाहीर केले. जमावाने घरावर दगडफेक केली आणि बेल्जियमने त्याला देशाबाहेर काढले. पुढे १८७६ मध्ये सेनेटवर निवडून आल्यावर त्याने कम्यूनच्या कैद्यांच्या माफीसाठी सातत्याने प्रयत्न केला. १८८० मध्ये ती माफी मंजूर झाली. बिशप मिरिएलने पोलिसांसमोर वालज्यांसाठी जे केले, तेच त्याच्या निर्मात्याने अखेरच्या वर्षांत जाहीर जीवनात करून पाहिले.

२२ मे १८८५ रोजी ह्यूगोचे निधन झाले. शव विजयकमानीखाली ठेवण्यात आले. त्याच्या इच्छेनुसार ते गरिबांच्या साध्या शववाहिकेतून १ जून रोजी पँथिऑनमध्ये नेण्यात आले. धर्मसंस्थेचे विधी त्याने नाकारले होते. रस्त्यांवर लक्षावधी लोक उभे होते. मृत्युपत्रानुसार पन्नास हजार फ्रँक गरिबांना मिळाले.

त्याच मृत्युपत्रात आणखी एक तरतूद होती. आपली सारी हस्तलिखिते आणि चित्रे त्याने पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला दिली. १८४५ मध्ये सरदाराने सुरू केलेली, १८४८ मध्ये टाकलेली, सीमा आणि समुद्र ओलांडून गेलेली, बारा वर्षे पेटीत पडून राहिलेली आणि हद्दपाराने पूर्ण केलेली ती पाने आज त्या ग्रंथालयात जतन केलेली आहेत. कोणाचे लेखन, कोणाचे वाचन कितीही वर्षे अडून राहिले तरी ग्रंथ जागेवर असला पाहिजे, ही काळजी ग्रंथालये घेत असतात. ह्यूगोने आपल्या आयुष्याची ठेव त्यांच्याच स्वाधीन केली.